ॲक्सेस पोर्ट की ट्रंक पोर्ट? भोक तेच, वागणं वेगळं

स्विचकडे (ऑफिसातले संगणक एकमेकांना जोडणाऱ्या डब्याकडे) नुसतं बघून ॲक्सेस पोर्ट कुठला आणि ट्रंक कुठला हे ओळखता येत नाही. भोक तेच, केबल तीच, हिरवा दिवाही तोच. फरक इतकाच की बाहेर पडणाऱ्या फ्रेमवर (डेटाच्या पुडक्यावर) टॅग, म्हणजे ती कुठल्या गटाची हे सांगणारी खूण, असतो की नसतो.

तळमजल्यावर अकाउंट्सचा एक पीसी आहे. व्हीलॅन (नेटवर्कमध्ये पाडलेला, क्रमांक दिलेला वेगळा कप्पा) म्हणजे काय हे त्या पीसीला माहीतच नाही, तो आपली साधी फ्रेम सोडतो. तो ज्या ॲक्सेस पोर्टला लावलाय तो व्हीलॅन १० चा, म्हणून स्विच ती फ्रेम १० ची धरतो. पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता) तक्त्यात १० खाली नोंदवतो आणि जिथे पोचवायची तो पत्ताही १० मध्येच शोधतो. सापडला तर फ्रेम नेमकी त्या पोर्टवर जाते, नाहीतर १० च्या बाकी सगळ्या पोर्टांवर. शेजारच्या भोकातल्या २० च्या पीसीला तिची चाहूलही लागत नाही. (त्या दोघांना बोलायचंच असेल तर मध्ये राउटर किंवा राउटरचंही काम करणारा लेयर ३ स्विच हवा.)

आता प्रिंटर वरच्या मजल्यावर, दुसऱ्या स्विचला. मधल्या एकाच केबलवरून १०, २०, ३० सगळ्यांच्या फ्रेम्स जाणार. कुठली कुणाची, हे वरच्या स्विचला कसं कळणार? इथे ट्रंक लागतो. आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेच्या ८०२.१क्यू मानकाप्रमाणे पाठवणाऱ्याच्या मॅक पत्त्यामागे ४ बाइटचा टॅग खोचला जातो. त्यात व्हीलॅन क्रमांकाला १२ बिट, म्हणजे ४०९६ आकडे. ० आणि ४०९५ राखीव, उरले ४०९४. वरचा स्विच क्रमांक वाचतो आणि प्रिंटरच्या ॲक्सेस पोर्टवर टॅग काढून फ्रेम देतो.

काही कंपन्यांच्या स्विचवर मात्र 'ट्रंक' म्हणजे अनेक केबल जोडून केलेली एक जाड लिंक. तिथे या पोर्टांना टॅग्ड-अनटॅग्ड म्हणतात.

खरी मेख आहे नेटिव्ह व्हीलॅनची. ट्रंकवर सहसा तेवढ्या एका व्हीलॅनच्या फ्रेम्स बिनटॅगच्या जातात. एका ऑफिसात व्हीलॅन १० मधल्या पीसींना व्हीलॅन १ चे आयपी पत्ते मिळत होते. केबल बदलल्या, आयपी पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर तपासला, अख्खी दुपार गेली. शेवटी ट्रंकची दोन्ही टोकं शेजारीशेजारी ठेवून वाचली: इकडे नेटिव्ह १, तिकडे १०. तिकडून १० च्या फ्रेम्स टॅगशिवाय निघायच्या आणि इकडे १ मध्ये शिरायच्या. तिकडचा नेटिव्ह १ केला, पीसींनी पत्ते नव्याने घेतले, आणि ते १० चेच आले.