बुल्दाक, जीभ आणि आठ चमचे पाणी

कोरियन भाषेत 'बुल' म्हणजे विस्तव आणि 'दाक' म्हणजे कोंबडी. साम्यांग कंपनीने २०१२ साली आणलेल्या मूळ बुल्दाक नूडल्सची तिखटी सुमारे ४,४०० स्कोव्हिल (तिखटपणा मोजण्याचे एकक) आहे. लवंगी मिरचीचा आकडा याच्या कितीतरी पट भरतो. तरीही ठेचा-भाकरी सहज पचवणाऱ्याच्या नाकातोंडातून पाणी येते, ते का?

ठेचा आपण बोटाच्या टोकाने घेतो आणि मध्ये भाकरीचा घास असतो. इथे मात्र प्रत्येक नूडलला सॉसचा लेप बसलेला असतो, आणि सगळे वाफाळते. खरी मेख या वाफेत आहे. तिखट ही गोड-खारटासारखी चव नाहीच. तोंडातल्या मज्जातंतूंवर टीआरपीव्ही१ नावाचा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारे प्रथिन) असतो. साधारण ४३ अंशांवरचे तापमान जाणवले की तो 'भाजतंय' असा निरोप मेंदूला धाडतो. मिरचीतले कॅप्साइसिन नेमका हाच ग्राहक उघडते, शिवाय त्याची सहनशक्तीही कमी करते. मग एरवी कोमट वाटणारा घासही पोळतो. (हा ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल मिळाले.) म्हणून ताट वाढल्यावर तीन-चार मिनिटे थांबा. सॉस तेवढाच राहतो, आग मात्र कमी वाटते.

आता कृती. ६०० मिली पाणी खळखळ उकळा, नूडल्सची वडी न मोडता टाका आणि ५ मिनिटे शिजवा. ही वडी कारखान्यात तळलेली असते. तळताना पाणी उडून तिच्यात बारीक छिद्रे राहतात, त्यांतूनच उकळते पाणी झरझर आत शिरते. पहिले मिनिटभर ढवळू नका, वडी आपोआप सुटते.

नंतर पाणी काढायचे, पण आठ चमचे राखून. पहिली चूक इथेच होते. पाकिटावरचा चमचा १५ मिलीचा आहे, म्हणजे एकूण १२० मिली. चहाच्या चमच्याने मोजलेत तर जेमतेम ४० मिली भरते. मग सॉस तळाला लागतो आणि नूडल्सचा गोळा होतो. हे पाणी फेकण्याजोगे नसते. त्यात उतरलेला स्टार्च सॉसमधल्या तेलाला धरून ठेवतो, त्यामुळे तवंग वेगळा न राहता चकचकीत लेप बसतो.

आच मंद करून सॉस घाला, अर्धा मिनिट परता आणि गॅस बंद करा. तीळ आणि समुद्री शैवालाची पुडी शेवटी. कोरड्या तापल्या पातेल्यात सॉस ओतलात तर कॅप्साइसिनचे सूक्ष्म थेंब वाफेबरोबर उडतात आणि फोडणीत मिरची जळाल्यासारखा सगळ्या घराला ठसका लागतो. पहिल्या खेपेला सॉस अर्धाच घाला. चीजची एक चकती वर टाकली तर उत्तमच.

आग विझवायला पाणी निरुपयोगी, कारण कॅप्साइसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. फसफसणारी पेयेही फारशी मदत करत नाहीत. थंड दूध घ्या, घोट तोंडात फिरवून मग गिळा. नुसत्या स्निग्धांशाने काम होते असे नाही. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या २०१९ मधील प्रयोगात साय काढलेले दूधही सायीच्या दुधाइतकेच उपयोगी ठरले. दुधातली प्रथिने कॅप्साइसिनला धरतात, असा त्याचा अर्थ लावला जातो.

मुलांच्या बाबतीत मात्र हौस नको. जून २०२४ मध्ये डेन्मार्कच्या अन्न प्रशासनाने बुल्दाकचे तीन जहाल प्रकार बाजारातून मागे घ्यायला लावले. पुढच्याच महिन्यात दोन परत आले, 'तिप्पट तिखट' तेवढा बाहेर राहिला. त्यांनी हिशेब केला तो एका पाकिटातल्या एकूण कॅप्साइसिनचा. लहान शरीराला तेवढीच मात्रा जास्त होते. मिठाचेही तसेच: अशा नूडल्सच्या एका पाकिटात हजार मिलिग्रॅमच्या वर सोडियम सहज असते, आणि मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा २,००० ची आहे. सॉस कमी घातला की हा आकडाही उतरतो.

शाकाहारी मंडळींनी पाकिटावरची हिरवी किंवा तपकिरी खूण आधी पाहावी. सॉस बोटांना लागला असेल तर आधी थोडे तेल चोळा, मग साबण लावा आणि तोवर डोळ्यांना हात नको. उरलेला सॉस काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. प्लास्टिकच्या डब्यावर पडलेला त्याचा लाल डाग घासून निघत नाही.