अ‍ॅथलेटिक ट्रेनर आणि स्ट्रेंथ कोच: ‘आज खेळायचं नाही’ हे सांगणार कोण?

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉल संघाच्या बेंचकडे नीट पाहिलं तर टोकाला पायाशी बॅग ठेवून बसलेली एक व्यक्ती दिसते. जवळपासच पिळदार दंडांचा, टाइमआउट झाला की आधी उभा राहणारा आणखी एक जण असतो. समालोचक बॅगवाल्याला ‘ट्रेनर’ म्हणतात, आणि क्रिकेट पाहून वाढलेल्या माणसाचा इथेच घोळ होतो. आपल्याकडे ट्रेनर वॉर्म-अप आणि यो-यो टेस्ट घेतो, दुखापत झाली की फिजिओ धावतो. तिकडे मैदानात धावतो तो अ‍ॅथलेटिक ट्रेनर. वजनं उचलून घेणारा असतो स्ट्रेंथ कोच.

यातला पहिला, म्हणजे बॅगवाला, आरोग्यसेवेतला माणूस आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या व्यवसायाला १९९० मध्ये मान्यता दिली. आता त्यासाठी मास्टर्स पदवी लागते, मग प्रमाणन मंडळाची परीक्षा, मग जवळपास सगळ्या राज्यांत सरकारी परवाना किंवा नोंदणी. प्रमाणपत्र टिकवायला दर दोन वर्षांत ५० तासांचं पुढचं शिक्षण दाखवावं लागतं. स्ट्रेंथ कोचला राज्याचा परवाना कुठेच लागत नाही. त्याच्याकडे सहसा सीएससीएस किंवा एससीसीसी हे स्ट्रेंथ कोचसाठीचं प्रमाणपत्र असतं. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वात वरच्या गटात, मान्यताप्राप्त प्रमाणपत्र सक्तीचं झालं तेही २०१५ मध्ये, म्हणजे त्याआधी मुख्य कोचचा जुना सहकारी एवढी पात्रताही पुरत होती.

ट्रेनरचा दिवस सरावाच्या बराच आधी घोट्यांपासून सुरू होतो, कारण बास्केटबॉलमध्ये घोटा मुरगळण्याइतकी नेहमीची दुखापत दुसरी नाही. टाचेवर आणि बुटाच्या नाडीखाली व्हॅसलीन लावलेले पॅड, त्यावर फोमचा पातळ थर, मग दीड इंची पांढरी टेप: वर-खाली आधाराच्या पट्ट्या, टाचेखालून जाणाऱ्या तीन रिकिबी, इंग्रजी आठच्या आकाराचे वेढे, दोन्ही बाजूंनी टाच जखडणाऱ्या पट्ट्या आणि शेवटी सगळं बंद करणं. यात चुकतं ते ठरलेल्या जागी. दोन पट्ट्यांमध्ये फट राहिली की तिथली कातडी चिमटून फोड येतो. करंगळीच्या मागच्या हाडावर टेप ओढून बसली की बोटं बधिर होतात आणि पोरगा हाफटाइमला स्वतःच ती फाडून टाकतो. शिवाय अर्धा तास धावल्यावर टेप सैल पडायला लागते. १५ जणांचा संघ म्हणजे ३० घोटे. एकाला तीन मिनिटं धरली तरी दीड तास गेला. म्हणून पैसे कमी असतील तर लेस बांधायचे ब्रेस (घोट्याला आधार देणारे तयार पट्टे) घ्यावेत आणि टेप नुकतं मुरगळलेल्यांसाठी राखावी.

पण ट्रेनरची खरी किंमत कळते ती रोज न लागणाऱ्या कामात. अमेरिकन कॉलेज खेळांत अचानक हृदय बंद पडण्याचा धोका पुरुष बास्केटबॉलपटूंना सर्वाधिक असतो. त्यासाठी प्रत्येक सभागृहाचा वेगळा लेखी आराखडा हवा: एईडी (हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र) कोणत्या भिंतीवर आहे, ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन कोण करणार, रुग्णवाहिकेसाठी कोणतं दार कोण उघडणार. कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत पहिला शॉक, हे गणित. यंत्र ट्रेनरच्या खोलीत कुलपात आणि सराव शेजारच्या इमारतीत असेल, तर आराखडा कितीही सुबक छापलेला असो, उपयोग शून्य. २४ जुलै २०२३ रोजी लेब्रॉन जेम्सचा मुलगा ब्रॉनी जेम्स दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सरावात कोसळला आणि वाचला. विद्यापीठाच्या वैद्यकीय पथकाच्या तत्परतेचं श्रेय त्याच्या हृदयरोगतज्ज्ञांनी जाहीरपणे दिलं.

स्ट्रेंथ कोचचं काम कॅलेंडरवर चालतं. हंगाम नसताना आठवड्याला एकूण आठच तास सक्तीची तयारी घेता येते, आणि त्यातलाच वाटा चेंडूच्या सरावाला जातो. उन्हाळ्यात चार दिवस वजनं. हंगामात दोन दिवस, अर्ध्या-पाऊण तासाची सत्रं: संच कमी, पण वजन जड. इथे नवखे कोच उलटं करतात. हंगामात वजन हलकं करून फेऱ्या वाढवतात, पाय दुखत राहतात आणि फेब्रुवारीपर्यंत उन्हाळ्यात कमावलेली ताकदही जाते. पावणेसात फुटी पोराला सरळ बारने जमिनीवरून वजन उचलायला लावणं ही दुसरी नेहमीची चूक. लांब मांड्यांमुळे कंबर वाकते, म्हणून ट्रॅप बार (मध्ये उभं राहून उचलायचा चौकटीसारखा बार) बरा, तोही थोडा उंचावर ठेवून. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी फोर्स प्लेटवर (उडीचा जोर मोजणाऱ्या पाटावर) उडी मोजावी. एका दिवसाच्या घसरणीने घाबरू नये, पण आकडा दोन-तीन आठवडे खाली जात राहिला तर थकवा साचतोय.

दोघांच्या हद्दी मिसळतात त्या गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेच्या (टेंडनच्या) दुखण्यात, म्हणजे जंपर्स नीमध्ये. निदान ट्रेनर आणि डॉक्टरांचं. उपचार मात्र मोठ्या प्रमाणात ताकदीचेच: लेग एक्स्टेंशनवर (बसून पाय सरळ करायच्या यंत्रावर) पाय न हलवता ४५ सेकंद वजन धरून ठेवणं, असं पाच वेळा, मग हळू जड स्क्वॉट, मग उड्या. एकाने सकाळी हे करून घेतलं आणि दुसऱ्याला पत्ता नसल्याने त्याने दुपारी बॉक्स जंप घेतले, की गुडघा पुन्हा पहिल्या दिवशी. म्हणून रोज सरावाआधी एक पान फिरावं: खेळाडूचं नाव, स्थिती ‘बाहेर’, ‘मर्यादित’ किंवा ‘पूर्ण’, आणि काय वर्ज्य. हे पान ट्रेनर लिहितो. घोटा सुजलेल्या पोराकडून दुसऱ्या पायाचा आणि वरच्या अंगाचा व्यायाम कसा घ्यायचा, हे स्ट्रेंथ कोच ठरवतो.

नेमणुकीतला खरा फरक मात्र अधिकाराचा आहे. २०१६ मध्ये पाच बड्या कॉन्फरन्सेसनी (कॉलेज संघांच्या गटांनी) नियम केला, की उपचार आणि पुन्हा खेळण्याबाबत टीम डॉक्टर आणि अ‍ॅथलेटिक ट्रेनरचा शब्द कोणत्याही कोचला फिरवता येणार नाही. म्हणून ट्रेनरची नेमणूक, पगारवाढ, मूल्यमापन यातलं काहीही मुख्य कोचच्या हातात नको. तो क्रीडावैद्यकीय विभागाला उत्तरदायी असावा. स्ट्रेंथ कोच बहुतेकदा मुख्य कोचच्या पसंतीचा असतो, नवीन कोच त्याला सोबत घेऊनच येतो. त्यात गैर काही नाही, फक्त त्याची एक दोरी वैद्यकीय विभागाकडेही असावी. नाहीतर उशिरा आल्याची शिक्षा म्हणून शंभर स्प्रिंट असले प्रकार सुरू होतात, ज्यातून स्नायू फुटून मूत्रपिंडावर बेततं. खेळ अमेरिकन फुटबॉलचा असला तरी २०१८ मधलं मेरीलँड विद्यापीठाचं प्रकरण इथेही लागू पडतं. मे अखेरीस स्प्रिंट मारताना जॉर्डन मॅकनेअरला उष्माघात झाला. त्याला बर्फाच्या पाण्यात बसवलं गेलं नाही आणि १३ जूनला तो गेला. आधी थंड करा, मग रुग्णालयात हलवा, हा क्रम ट्रेनरला माहीत असून भागत नाही. सत्र घेणाऱ्या स्ट्रेंथ कोचलाही तो पाठ हवा आणि टब भरलेला हवा.

लहान कॉलेजला दोघं पूर्णवेळ परवडत नसतील तर आधी ट्रेनर. स्ट्रेंथ कोच व्हॉलीबॉलसोबत वाटून घेता येतो आणि सत्रांच्या वेळा बदलता येतात. दुखापत वेळापत्रक पाहून होत नाही. एकाच माणसाला दोन्ही प्रमाणपत्रं आहेत म्हणून दोन्ही कामं त्याच्यावर टाकणं स्वस्त दिसतं, पण मग सकाळी ज्याने जोर लावायला लावला त्यालाच संध्याकाळी त्याच पोराला थांबवावं लागतं.

मुलाखतीत ट्रेनरला विचारावं: डोक्याला मार लागलेला मुख्य गार्ड (चेंडू खेळवणारा खेळाडू) शेवटच्या दोन मिनिटांत ‘मी ठीक आहे’ म्हणतोय, कोच ओरडतोय, काय कराल? ‘तपासून बघेन, बरा असेल तर सोडेन’ हे उत्तर नापास. कन्कशनचा (डोक्याच्या माराने मेंदूला बसलेल्या धक्क्याचा) संशय म्हणजे खेळ तिथेच थांबवून तपासणी, आणि निदान झालं तर त्या दिवशी परत नाही. स्ट्रेंथ कोचला जानेवारीतल्या एका आठवड्याचा, दोन सामने आणि एका विमानप्रवासाचा, आराखडा तिथेच कागदावर मांडायला सांगावा. कॅलिफोर्नियात असाल तर एक जास्तीची काळजी घ्या: अ‍ॅथलेटिक ट्रेनरवर राज्याचं कोणतंही नियमन नसलेलं ते एकमेव राज्य आहे, त्यामुळे मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक मागून तो चालू आहे का, हे स्वतः तपासा.