फलित अंडं वेगळं, उबवणुकीचं अंडं वेगळं

"दादा, तीसातली अकरा अंडी रिकामी निघाली. कोंबडा न ठेवताच अंडी विकता काय?"

असा निरोप मला वर्षातून सात-आठ वेळा येतो. सोबत टॉर्चवर धरलेल्या अंड्याचा फोटो, आतून नुसता पिवळा उजेड. मी कडकनाथ, म्हणजे काळ्या मांसाच्या कोंबड्या, पाळतो, उबवणुकीची अंडी ऑनलाइन विकतो आणि कळपात नवं रक्त आणायला दुसऱ्यांकडून मागवतोही. म्हणजे हा निरोप मी घेतलाय तसाच पाठवलाही आहे, आणि पाठवला तेव्हा तो निम्मा चुकीचा होता. बोलणाऱ्याच्या डोक्यात 'फलित' आणि 'उबवणुकीचं' हे दोन शब्द एकच असतात, तोवर हे भांडण मिटत नाही.

दुकानातल्या अंड्याबद्दल तुम्हाला काही सांगायला नको. पिंजऱ्यातल्या लेयर, म्हणजे फक्त अंड्यांसाठी पाळलेल्या, कोंबडीने कोंबड्याचं तोंडही पाहिलेलं नसतं. ते अंडं महिनाभर उबेत ठेवलं तरी नासेल, त्यातून पिल्लू यायचं नाही. बाजारातलं गावरान अंडं फलित असू शकतं, पण ते किती दिवसांचं आहे आणि कुठल्या फ्रीजमधून आलंय हे कोणी सांगत नाही. पुढे जाऊ.

फलित म्हणजे कोंबड्याचा संबंध आलेलं. उबवणुकीचं म्हणजे ज्यातला जीव अजून शाबूत आहे आणि ऊब मिळाली की वाढू शकतो असं. पहिलं हे अंड्याचं कूळ, दुसरी त्याची तब्येत. उबवणुकीचं प्रत्येक अंडं फलित असावंच लागतं. मात्र फलित असलेलं प्रत्येक अंडं तुमच्या उबवणीच्या मशीनपर्यंत उबवणुकीचं राहीलच असं नाही, आणि पैसे बुडतात ते या मधल्या वाटेत.

बहुतेकांना वाटतं की अंडं हे बियाण्यासारखं असतं, मशीनमध्ये पेरलं की तिथून पुढे जीव सुरू. तसं नाही. बलक सुटून कोंबडीच्या अंडनळीत आला की पंधरा-वीस मिनिटांत फलन होऊन जातं. मग त्यावर पांढरं चढतं, पापुद्रे चढतात, कवच बसतं. या सगळ्याला साधारण एक दिवस लागतो, आणि तो दिवस अंडं कोंबडीच्या पोटात ४१ अंशांच्या आसपासच्या उबेत असतं. म्हणजे एक दिवसाची उबवण तिथेच होऊन जाते. अंडं खुराड्यात पडतं तेव्हा बलकावरच्या त्या ठिपक्यात हजारो पेशी झालेल्या असतात. बाहेरच्या गारव्यात वाढ थांबते, गर्भ झोपतो. तुम्ही कुरिअरने मागवता ते हे झोपलेलं पिल्लू.

ही झोप साधारण २०-२१ अंशांच्या खाली नीट लागते. साठवण १५ ते १८ अंशांत, निमुळतं टोक खाली, आणि आठवड्याच्या आत मशीनमध्ये. सात दिवसांनंतर उतार पडत जातो. तापमान पंचविशी-तिशीत गेलं की गर्भ धड झोपत नाही आणि धड वाढतही नाही. अर्धवट जागा होतो, पुन्हा गारठतो, पुन्हा जागा होतो आणि मरतो. आता एप्रिलमधल्या दुपारी ट्रॅव्हल्सच्या डिकीत, इंजिनाच्या बाजूला ठेवलेल्या खोक्याचा विचार करा.

घोळाची मुळी आहे ती पुढच्या गोष्टीत.

सातव्या दिवशी टॉर्च लावला आणि अंडं आरपार स्वच्छ दिसलं की आपण त्याला 'रिकामं' म्हणतो, आणि रिकामं म्हणजे अफलित असं धरून चालतो. पण स्वच्छ दिसणारी अंडी दोन तऱ्हेची असतात. एक, ज्याला कोंबडा लागलाच नाही. दुसरं, जे फलित होतं पण रक्तवाहिन्या तयार व्हायच्या आधीच मेलं. टॉर्चच्या उजेडात रक्त दिसतं. रक्त तयार होण्याआधी मेलेला गर्भ दिसत नाही. त्यामुळे ही दोन्ही अंडी उजेडात सख्ख्या भावांसारखी दिसतात. पहिल्याचा दोष विकणाऱ्याच्या कोंबड्याचा. दुसऱ्याचा दोष कोणाचा, ते ठरवायला अंडं फोडावं लागतं. टॉर्चच्या फोटोवरून 'बोगस' म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं: पांढरी ताटली घ्या आणि फोडा.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर सोलापूरकडच्या एका गिऱ्हाइकाला हेच सांगितलं. गडी आधी रागातच होता, मग फोन समोर ठेवून एकेक अंडं फोडू लागला. कसं फोडायचं तेही सांगतो: रुंद टोकाकडून कवच सोला, म्हणजे हवेची पोकळी आधी उघडते आणि बलक वर आलेला असेल तर ठिपका तिथेच दिसतो. नाही दिसला तर अलगद ताटलीत ओता आणि बलक चमच्याने फिरवा.

पहिल्या अंड्यात बलक घट्ट, वर दोनेक मिलिमीटरचा पांढरा दाट ठिपका, कडा वेड्यावाकड्या, पिठाचा कण चिकटल्यासारखा. हे अफलित. सात दिवस उबेत राहूनही ठिपका तेवढाच राहतो, कारण वाढणारं काही नव्हतंच. दुसऱ्यात ठिपका पसरून करंगळीच्या नखाएवढा झालेला, गोल आणि फिकट. हे फलित होतं, पहिल्या दिवसाच्या आसपास गेलं. तिसऱ्यात बलकाच्या माथ्यावर सायीसारखा पिवळट पापुद्रा पसरलेला आणि बलक पातळ. हे दुसऱ्या दिवसापर्यंत पोचलेलं. अकरा अंड्यांत खरी अफलित निघाली तीन. उरलेली आठ फलित असून मेलेली.

तीन माझी. ती मी भरून दिली, वाद न घालता. आठांचा हिशोब मात्र अवघड असतो, आणि इथे विकणारेही साळसूदपणा करतात. "अंडी फलित होती, आमचं काम झालं" हे मला पटत नाही. अंडी दहा दिवस पत्र्याच्या खोलीत ठेवून मग पाठवली असतील तर तो मृत्यू विकणाऱ्याच्या घरचा. ठिपका जेमतेम मोठा झालेला असेल तर गर्भ साठवणीत किंवा वाटेत गेला असण्याची शक्यता जास्त. तिसऱ्या-चौथ्या दिवसाचं रक्ताचं लाल रिंगण असेल तर तो तुमच्या मशीनमध्ये मेलाय. वाटेतल्या हालांनी कमजोर झाला असेल, पण मेला तुमच्याकडे. तेव्हा आधी तुमचा तापमापक तपासा. पंख्याच्या मशीनला ३७.५ अंश हवेत, आणि स्वस्तातल्या मशीनच्या काट्यावर मी एका अंशाचाही भरवसा ठेवत नाही. ताप मोजायचा साधा डॉक्टरी थर्मामीटर शेजारी ठेवून ताडून बघा.

सोलापूरवाल्याच्या आठांतल्या सहांत ठिपका जेमतेम मोठा झालेला होता. खोकं दोन दिवस गोदामात पडून होतं. तेव्हापासून मी मार्च अखेर ते पाऊस पडेपर्यंत लांब अंडी पाठवत नाही. गिऱ्हाईक तुटतं, तुटू दे.

हादऱ्यांबद्दल थोडं. प्रवासात रुंद टोकाची हवेची पोकळी सुटते आणि अंडं हलवलं की बुडबुडा इकडेतिकडे पळतो. अशी अंडी आल्या आल्या मशीनमध्ये घालू नका. निमुळतं टोक खाली करून खोलीच्या गारव्यात १२ ते २४ तास नुसती ठेवा. पोकळी डळमळीत असेल तर पहिले काही दिवस मशीनमध्ये अंडी फिरवणंही टाळा. एवढ्या सबुरीने चार-दोन पिल्लं सहज वाचतात. आणि कृपा करून अंडी धुऊ नका. कवचावरचा नैसर्गिक लेप गेला की जंतूंना दार उघडं.

आता टक्केवारी. 'हॅचिंग ७५ टक्के' असं जाहिरातीत दिसलं की विचारा, कशावर? समजा १०० अंडी मांडली, ८० फलित निघाली, ६० पिल्लं आली. फलित अंड्यांवर मोजलं तर ७५ टक्के, मांडलेल्या अंड्यांवर मोजलं तर ६०. दोन्ही आकडे खरे आहेत, पण तुम्ही पैसे १०० अंड्यांचे मोजलेत. शिवाय तो आकडा विकणाऱ्याच्या स्वतःच्या मशीनचा, प्रवास न केलेल्या अंड्यांचा असतो. '१०० टक्के फर्टाईल' लिहिणाऱ्याकडून मी काहीच घेत नाही. आठ-दहा कोंबड्यांमागे एक चांगला कोंबडा असला तरी शंभरातली शंभर फलित होत नाहीत. जो नव्वद म्हणतो त्याच्याशी बोलायला हरकत नाही.

याहून चीड येते ती व्हिडिओची. ताजं अंडं टॉर्चवर धरून "बघा, फलित आहे" असं सांगणारा एक तर स्वतः अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतोय. ताज्या अंड्यात टॉर्चने फलन दिसत नाही. कवचाची तडा दिसते, पोकळी दिसते, बस्स. पाण्यात तरंगवून फलित ओळखणं, टोकदार अंड्यातून कोंबडा येतो म्हणणं, सगळं त्याच माळेतलं. विकणाऱ्याने खरंच दाखवायचं असेल तर त्याच दिवशीची पाच अंडी ताटलीत फोडून दाखवावीत. ताज्या फलित अंड्यावर चारेक मिलिमीटरचं नीट गोल कडं दिसतं, मध्ये फिकट. मी प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला फोडतो. पाच अंड्यांची भुर्जी होते, नुकसान काही नाही.

कडकनाथच्या बाबतीत आणखी दोन फसवणुकी चालतात, त्या झटपट सांगतो. कडकनाथचं अंडं काळं नसतं. ते फिकट तपकिरी, कधी दुधी-गुलाबी, आणि आकाराने लहान, ४५ ग्रॅमच्या आसपास. काळ्या अंड्याचा फोटो टाकणारा रंग विकतोय. दुसरं, 'जीआय मानांकनाची अंडी'. २०१८ साली मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं ते मांसासाठी, अंड्यांसाठी नव्हे.

आणि एक प्रश्न जो कोणी विचारत नाही: फलित आहे, पण कोणाकडून? कोंबडीच्या अंगात कोंबड्याचं बीज दोन आठवडे, कधी तीन आठवडेही टिकतं. काल गावठी कोंबडा हलवून आज कडकनाथ सोडला, तर पुढच्या आठवड्याची अंडी फलित असतील, शुद्ध असतीलच असं नाही. काळेपणा संकरातही बऱ्यापैकी उतरतो, त्यामुळे पिल्लं बघून लगेच कळायचंही नाही. तलंगा मोठ्या झाल्यावर तुरा, पाय, जीभ बघत बसायची वेळ येते. कोंबडा कधी बदलला, वेगळ्या किती दिवस ठेवल्या, हे विचारा. महिन्याच्या आतलं उत्तर आलं तर थांबा.

सोलापूरवाला दिवाळीनंतर अंडी न्यायला स्वतः मोटारसायकलवर आला. मागे बसलेल्या भाच्याच्या मांडीवर भुश्याची पाटी, त्यात तीस अंडी, प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख. एकविसाव्या दिवशी संध्याकाळपर्यंत तेवीस पिल्लं आली. उरलेली सात अंडी त्याने न सांगता फोडली आणि ताटलीचा फोटो पाठवला, खाली लिहिलं: "दोन अफलित, पाच मेलेली." मी फोटो मोठा करून बघितला. त्याने अफलित ठरवलेल्यांपैकी एकाच्या बलकावर पुसट पिवळा पापुद्रा होता. मी कळवलं, हे पण फलित होतं, माझ्या खात्यात एकच धर. त्यावर आम्ही अर्धा तास भांडलो.