जहाजाच्या रंगापासून गर्भातल्या चरबीपर्यंत

काही रसायनं गर्भातच शरीराची चरबी वाढवतात का, या प्रश्नाची सुरुवात गोगलगायींपासून करावी लागते. जहाजाच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटले की वेग मंदावतो, इंधन जास्त जळतं. म्हणून १९६०च्या दशकापासून बुडाला ट्रायब्युटिल टिन (टीबीटी) मिसळलेला रंग फासू लागले. पुढे या टीबीटीमुळे बंदरांजवळच्या गोगलगायींच्या माद्यांना नराचं इंद्रिय फुटलेलं दिसलं. आर्काशोंच्या खाडीत कालवांची पैदास कोसळली, तेव्हा १९८२मध्ये फ्रान्सने छोट्या बोटींवर हा रंग बंद केला. आंतरराष्ट्रीय बंदी लागू व्हायला मात्र २००८ उजाडलं.

इकडे वैद्यकाला चरबी म्हणजे निव्वळ कोठार वाटत होती. १९९३मध्ये संशोधक होतामिस्लिगिल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हा दाह पेटवणारा रेणू तयार होतो. २००३मध्ये याच चरबीत मॅक्रोफेज (मेलेल्या पेशी गिळणाऱ्या, रोगप्रतिकारक) पेशींची गर्दी सापडली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर मरणाऱ्या मेदपेशीभोवती त्या गुळाच्या खड्याला मुंग्या लागाव्यात तशा दिसतात. हा दाह भडकत नाही, वर्षानुवर्षं धुमसतो आणि इन्सुलिनला दाद द्यायची शरीराची सवय मोडतो.

दोन्ही धागे २००६मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनला जुळले. फेलिक्स ग्रून आणि ब्रूस ब्लूमबर्ग यांनी गाभण उंदरिणींना टीबीटी दिलं. पिल्लांच्या अंगात चरबी जास्त साठली. पेशीला ‘मेदपेशी हो’ असा हुकूम देणारा पीपार-गॅमा हा ग्राही (संदेश पकडणारं प्रथिन) टीबीटी परस्पर चालू करतं. अशा रसायनांना ‘ओबेसोजेन’ (लठ्ठपणा घडवणारी) म्हणू लागले. २०१३मध्ये हाच परिणाम पणतवंडांपर्यंत पोचल्याचं दिसलं, डोस फक्त पणजीला दिलेला असताना! मिशिगनमध्ये गाभण मेंढ्यांना बीपीए (बिस्फेनॉल-ए, दुकानातल्या थर्मल बिलाच्या कागदावर असतं ते) दिल्यावर त्यांच्या मादी कोकरांत इन्सुलिनचा प्रभाव घटला आणि चरबीत मॅक्रोफेजच्या खुणा वाढल्या.

चरबीची घडण गर्भातच ठरते, हे पुण्याला नवं नाही. तिथल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी वजनाने कमी पण तुलनेने चरबी राखून जन्मणारी बाळं दाखवली होती. तिथे प्रश्न आईच्या पोषणाचा होता, रसायनांचा नाही.

माणसांतला पुरावा मात्र तोकडा आहे. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये १९५९ ते १९६७ दरम्यान गरोदर बायकांचं रक्त साठवून ठेवलं होतं. २०२१मध्ये त्यातल्या डीडीटी या कीटकनाशकाचा संबंध नातींच्या लठ्ठपणाशी जोडला गेला. पण तिथे मोजली ती वजनं आणि कंबरा. धडधाकट तरुणीच्या चरबीचा तुकडा काढून दाह तपासणं उंदराइतकं सोपं नसतं.