एका आकड्याने फिरवलेला निकाल

एका संगणक प्रणालीला उत्तर द्यायला किती सेकंद लागतात, याच्या दहा नोंदी घेऊ: २, ३, ३, ४, ४, ५, ६, ७, ८ आणि ९. दावा असा की सरासरी वेळ ३ सेकंदच आहे. या नोंदींची सरासरी ५.१ येते. सरासरी दाव्यापासून किती लांब आहे ते नोंदींच्या पसाऱ्याच्या तुलनेत मोजणाऱ्या टी-चाचणीचं मूल्य २.८५. दहा नोंदींसाठी ५ टक्के पातळीवरची (म्हणजे खरा दावा चुकून फेटाळण्याची शक्यता ५ टक्के ठेवणारी) सीमा २.२६ असते, म्हणजे दावा फेटाळला जातो.

आता शेवटच्या ९ च्या जागी ५८ लिहा. सरासरी १० वर जाते, दाव्यापासून आणखी लांब. मग पुरावा भक्कम व्हायला हवा ना? पण टी-मूल्य घसरून १.३ होतं आणि दावा सुटतो! त्या एका नोंदीने सरासरी वाढवली खरी, पण प्रमाण विचलन (नोंदी सरासरीभोवती किती पसरल्या आहेत त्याचं माप) त्याहून कितीतरी जास्त फुगवलं, आणि टी-मूल्य काढताना भागायचं असतं ते त्यावर आधारलेल्या आकड्याने. हे गणित एकदा कागदावर स्वतः करून पाहाच.

प्रतीक्षेचा वेळ, उत्पन्न, विम्याचे दावे, सगळीकडे अशीच उजवीकडे लांबलेली शेपूट दिसते: बहुतेक मूल्यं लहान, मोजकीच खूप मोठी. विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने मांडलेली ही चाचणी घंटाकृती वितरण (बहुतेक मूल्यं मधोमध, दोन्ही बाजूंना सारखीच कमी होत जाणारी) गृहीत धरते. नमुना मोठा असेल तर थोडा तिरकेपणा ती सहन करते, लहान नमुन्यात मात्र फसवते.

मग ५८ खोडून पुन्हा तीच चाचणी लावायची? अजिबात नाही. ती नोंद खरी आहे, आणि ती गाळून नेहमीचंच सूत्र वापरलं तर अनिश्चितता खोटी कमी दिसते. संख्याशास्त्रज्ञ करेन युएन यांनी १९७४ मध्ये दोन गटांच्या तुलनेसाठी नीट मार्ग दिला: दोन्ही टोकांची ठरावीक टक्के मूल्यं छाटून सरासरी काढायची, पण विचलन मोजताना छाटलेल्यांच्या जागी उरलेली टोकाची मूल्यं धरायची. आपल्या नोंदींत प्रत्येक टोकाच्या दोन छाटल्या, तर सरासरी ४.८ येते, शेवटी ९ असो वा ५८. मात्र किती छाटायचं ते आकडे पाहण्याआधी ठरलेलं हवं.

दोन गटांची तुलना करताना प्रत्यक्ष आकड्यांऐवजी त्यांच्या चढत्या क्रमांकांवर चालणारी विल्कॉक्सन-मान-व्हिटनी चाचणीही सर्रास वापरतात. ती मध्यकांची (क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या मूल्यांची) तुलना करते असं अनेकदा सांगितलं जातं, पण दोन्ही वितरणांचा आकार सारखा असेल तेव्हाच तसं म्हणता येतं. आणि प्रश्न एकूण खर्चाचा असेल तर मला छाटणीही पटत नाही, कारण विमा कंपनीला त्या ५८ सारखा एखादा प्रचंड दावासुद्धा चुकवायचाच असतो. तिथे साध्या सरासरीचीच चाचणी हवी, बूटस्ट्रॅपच्या (त्याच नोंदींतून पुन्हापुन्हा नमुने काढून अनिश्चितता मोजण्याच्या पद्धतीच्या) मदतीने आणि बऱ्याच जास्त नोंदी घेऊन.