इंग्लंड सहलीतील समुद्रकाठची गावे : प्रवाशांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आमच्या इंग्लंड सहलीचा कार्यक्रम हाती पडल्यावर बहुतेक प्रवासी पहिला प्रश्न हाच विचारतात की, लंडनला तीनच दिवस देऊन ब्लॅकपूल, स्केग्नेस, मोरकम अशा फारशा न ऐकलेल्या गावांत उरलेले दिवस का घालवायचे. प्रश्न रास्त आहे. या गावांत राजवाडे नाहीत. गिरणी कामगार, कारकून, दुकानातील नोकर यांनी सुट्टी घालवण्याची ही गावे असून त्यांचे आज दिसणारे रूप पुष्कळ अंशी दोन महायुद्धांमधल्या वीस वर्षांत घडले. त्या काळाची थोडी ओळख असल्याशिवाय तेथे नेमके काय पाहायचे हे कळत नाही, म्हणून निघण्यापूर्वी हे पत्रक वाचावे अशी विनंती आहे.

पहिले महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश कामगाराचा आठवडा सुमारे ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. सरकारमान्य सार्वजनिक सुट्ट्या १८७१ च्या कायद्यापासून मिळतच होत्या. अडचण पगाराची होती, कारण सलग आठवडाभर घरी बसायचे म्हणजे बहुतेकांना त्या आठवड्याच्या मजुरीवर पाणी सोडावे लागे. लँकेशरच्या कापड गिरण्यांच्या गावांनी यावर आपली रीत बसवली होती. प्रत्येक गावाचा उन्हाळ्यातला एक आठवडा ठरलेला असे, त्या आठवड्यात गावातल्या सगळ्या गिरण्या एकदम बंद होत, आणि वर्षभर भिशीसारख्या मंडळात थोडे थोडे साठवलेले पैसे घेऊन जवळजवळ सारे गाव आगगाडीने ब्लॅकपूलला उतरे. गावागावांचे आठवडे वेगवेगळे असल्याने ब्लॅकपूलच्या घरमालकिणींना हंगामभर उसंत नसे.

या घरमालकिणींबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण आपण ज्या अरुंद, तीनमजली घरांच्या रांगांसमोरून चालणार आहोत ती त्यांची होती. पुष्कळ घरांत पाहुण्यांनी मांस-भाजी स्वतः बाजारातून आणायची, मालकिणीने ती शिजवून द्यायची, आणि टेबलावरच्या मीठ-मिरीच्या भांड्यांचेही वेगळे पैसे बिलात लावायचे अशी पद्धत होती. न्याहारी झाली की बाहेर पडायचे आणि जेवणाच्या वेळेपर्यंत परत यायचे नाही, मग बाहेर पाऊस असो वा नसो. किनाऱ्यावर छप्पर असलेली इतकी करमणूकगृहे का आहेत, याचे एक उत्तर या नियमात आहे. ब्लॅकपूलचा १८९४ चा मनोरा आणि समुद्रात शिरलेले तीन लांब धक्के पहिल्या महायुद्धाआधीचे आहेत. मात्र युद्धामुळे बंद पडलेली रस्त्यावरची रोषणाई १९२५ मध्ये पुन्हा सुरू झाली ती उन्हाळा सरल्यावरही गिऱ्हाईक टिकावे एवढ्यासाठी. १९३९ मध्ये दिवे पुन्हा विझले, त्यामुळे तो हिशेब जेमतेम पंधरा वर्षे चालला. आपला मुक्काम सप्टेंबरअखेरीस ठेवला आहे तो याच रोषणाईसाठी.

पावसात बाहेर काढलेल्या पाहुण्यांची दशा पाहूनच आपल्याला सुट्टीच्या छावणीची कल्पना सुचली, असे बिली बटलिन सांगत. जत्रेतले खेळ चालवणाऱ्या या गृहस्थाने ११ एप्रिल १९३६ रोजी स्केग्नेसला पहिली छावणी उघडली. राहणे, तीन वेळचे खाणे आणि दिवसभराची करमणूक एकाच रकमेत, आणि ती रक्कम हंगामानुसार आठवड्याला ३५ शिलिंगांपासून ३ पौंडांपर्यंत (तेव्हा २० शिलिंगांचा एक पौंड होई). ‘आठवड्याच्या पगारात आठवड्याची सुट्टी’ ही त्यांची जाहिरात होती. सुरुवातीच्या खोल्यांपैकी एक लहानशी खोली वारसा म्हणून जतन केलेली आहे. ती पाहिल्यावर प्रवासी हमखास म्हणतात की, एवढ्यात राहायचे कसे? तिच्याकडे पाहताना ज्यांना तोवर सुट्टीत स्वतंत्र खोली मिळतच नव्हती त्यांचा विचार करावा, असे आम्ही सुचवतो.

पगारी रजेचा कायदा त्यानंतर, १९३८ मध्ये झाला. त्याचे नाव पुष्कळदा मोठ्या आवाजात घेतले जाते, पण त्याने सर्वांना सरसकट रजा दिली नाही. ज्या धंद्यांत वेतन ठरवणारी सरकारमान्य मंडळे होती, त्या मंडळांना आठवडाभरापर्यंतची पगारी रजा ठरवण्याचा अधिकार मिळाला. पुढच्याच वर्षी युद्ध सुरू झाले, आणि खरा लाभ १९४५ नंतरच्या उन्हाळ्यांत दिसला.

प्रवासाच्या साधनांविषयी यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात पुरेसे पाहायला मिळेल. १९२३ पासून ब्रिटनची रेल्वे मुख्यतः चार मोठ्या कंपन्यांत विभागली गेली, आणि त्यांच्यातल्या चढाओढीतून रंगीत भित्तिपत्रके, लंडन ते एडिंबरा ३९२ मैल न थांबता धावणारी गाडी आणि ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैलांचा वेग गाठणारे ‘मॅलार्ड’ इंजिन अशा गोष्टी निघाल्या. निळ्या रंगाचे ते इंजिन आपण जवळून पाहणार आहोत. आपली दख्खनची राणीही याच काळातली. ती १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे मार्गावर धावू लागली, तिच्या डब्यांचे सांगाडे इंग्लंडात बनले होते आणि वरचा भाग माटुंग्याच्या कारखान्यात. फरक एवढाच की ती शर्यतींसाठी पुण्याला येणाऱ्या शौकिनांची गाडी होती आणि तिला तिसरा वर्गच नव्हता, तर ब्लॅकपूलच्या गाड्या तिसऱ्या वर्गानेच भरत.

रस्त्यावर मात्र याहून मोठी उलथापालथ चालली होती. युद्धानंतर लष्कराने विकलेल्या मालमोटारींच्या सांगाड्यांवर बाके ठोकून उघड्या टपाच्या सहलगाड्या निघाल्या, आणि आगगाडी न पोहोचणाऱ्या खेड्यांतही सहली जाऊ लागल्या. १९२२ च्या छोट्या ऑस्टिन सेव्हनसारख्या मोटारींमुळे १९३९ पर्यंत खासगी मोटारींची संख्या सुमारे २० लाखांवर गेली. १९३० मध्ये मोटारींवरची वेगमर्यादाच काढून टाकण्यात आली, १९३४ या एका वर्षात रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली, आणि १९३५ पासून वस्तीत ताशी ३० मैलांची मर्यादा व नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली. रस्ता ओलांडण्याच्या जागी काळ्या-पांढऱ्या खांबांवर दिसणारे नारिंगी गोळे त्याच सुमाराचे असून तेव्हाच्या वाहतूकमंत्र्यांच्या, हॉर-बेलिशा यांच्या, नावाने आजही ओळखले जातात.

भित्तिपत्रकांतल्या त्या हसऱ्या चेहऱ्यांवर फार विसंबू नये, असेही आम्हाला वाटते. १९३२-३३ च्या हिवाळ्यात सुमारे ३० लाख माणसे बेकार होती. लंडनभोवती आणि मध्य इंग्लंडात नवे कारखाने उघडत असताना उत्तरेतल्या गिरण्या, खाणी आणि जहाजबांधणीच्या गोद्या बंद पडत होत्या. ज्यांच्याकडे ब्लॅकपूलपुरतेही पैसे नव्हते त्यांच्यापैकी पुष्कळांनी रविवारी डोंगर धरले. १९३० मध्ये तरुणांच्या वसतिगृहांची संघटना स्थापन झाली आणि रात्रीला एका शिलिंगात निजायची सोय झाली. मँचेस्टरजवळच्या किंडर स्काउट पठाराचा मोठा भाग मात्र जमीनदारांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवला होता. २४ एप्रिल १९३२ रोजी हेफील्ड गावाजवळच्या दगडखाणीत सुमारे चारशे माणसे जमली आणि सरळ वर चालत गेली. वाटेत राखणदारांशी झटापट झाली, पुढे पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली, आणि तीही जमिनीत घुसल्याबद्दल नव्हे तर दंग्याच्या आरोपांवर. १९५१ मध्ये हाच प्रदेश ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाला. त्या दगडखाणीतली पाटी आपण पाहू. ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांनी पुढे चढावे, बाकीच्यांसाठी हेफील्डमध्ये चहाची व्यवस्था आहे.

मोरकमच्या मिडलँड हॉटेलात दुपारचा चहा ठरवला आहे. रेल्वे कंपनीने १९३३ मध्ये उघडलेली ही पांढरी, किनाऱ्यालगत वळत गेलेली इमारत वास्तुकार ऑलिव्हर हिल यांची. दाराशी थांबून वर पाहावे : एरिक गिल यांनी कोरलेले दोन समुद्रघोडे दिसतील. आत जिन्याच्या माथ्यावरच्या छतावरही त्यांचेच काम आहे. ऊन अंगावर घेणे आरोग्याचे आहे ही समजूत त्या पिढीत नव्याने रुजली होती, म्हणून सपाट गच्च्या, रुंद काचा आणि उघडे जलतरण तलाव आले.

शेवटी आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो. पहिल्या वर्षी पत्रकात आम्ही नुसते ‘समुद्रकिनारा’ असे छापले, आणि मंडळी गोव्याच्या तयारीने सुती कपडे व चपला घेऊन आली. स्केग्नेसच्या वाऱ्यात निम्म्या जणांनी बसमधून खाली उतरायचेच नाकारले. तेव्हा वारा अडवणारे जाकीट, कानटोपी आणि बंद बूट प्रत्येकाने हातातल्या सामानातच ठेवावेत. छत्री आणू नये, तेथे ती उलटते.