सर्दीची गोळी मागतानाही प्रोस्टेटचं सांगा

आमच्या मेडिकलमध्ये येणाऱ्या साठीपुढच्या काका-आजोबांसाठी, आणि त्यांच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या घरच्यांसाठी

प्रोस्टेटच्या गोळ्या काउंटरवर दबक्या आवाजात मागितल्या जातात. बऱ्याचदा चिठ्ठी घेऊन मुलगा किंवा सून येते, आणि काकांना नेमकं काय होतंय हे त्यांनाही ठाऊक नसतं. शेजारी चार गिऱ्हाइकं उभी असताना आम्हालाही मोकळं बोलता येत नाही. म्हणून हा कागद. घरी निवांत वाचा.

प्रोस्टेट ही पुरुषांमधली ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीला वेढून असते. तरुणपणी अक्रोडाएवढी, साधारण २० ग्रॅमची. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढते. साठीपर्यंत जवळपास निम्म्या पुरुषांत आणि पंच्याऐंशीच्या घरात दहातल्या नऊ जणांत ही वाढ आढळते. हा कॅन्सर नव्हे, आणि या वाढीचा पुढे कॅन्सर होत नाही. मात्र एकाच माणसाला दोन्ही असू शकतं, म्हणून तपासणी टाळायची नाही.

त्रास ओळखीचा आहे. धार बारीक होते, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, थांबून थांबून होते, होऊनही राहिल्यासारखी वाटते, नंतर थेंब गळतात. घाई लागते आणि रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं. यातलं बरंच काही लोक ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून अंगावर काढतात. आम्हाला ते पटत नाही, कारण यावर चांगले उपाय आहेत.

सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन घाबरत येणाऱ्यांना एक सांगतो: ग्रंथीचा आकार आणि त्रास यांचा थेट हिशेब नसतो. ६० ग्रॅमची ग्रंथी असलेला माणूस शांत झोपतो आणि ३० ग्रॅमवाला रात्रभर जागा, असंही असतं. डॉक्टर ७ प्रश्न विचारतात, प्रत्येकाला ० ते ५ गुण. एकूण ७ पर्यंत त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० पासून पुढे तीव्र. सौम्य असेल तर बहुतेक वेळा औषधही लागत नाही. बाकी लघवीची तपासणी, किडनीचं काम कळण्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन, गरजेप्रमाणे पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी), आणि लघवी करून आल्यावर पुन्हा सोनोग्राफी, आत किती उरते ते बघायला. गुदद्वारातून बोटाने तपासतात त्याचा संकोच अनेकांना वाटतो. मिनिटभराचं काम आहे, होऊन जाऊ द्या.

रात्री उठावं लागतं म्हणजे प्रोस्टेटच, असंही नाही. साखर वाढलेली असते, संध्याकाळी उशिरा लघवी वाढवणारी बीपीची किंवा सूज उतरवायची गोळी घेतलेली असते, डायबेटीसच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांनीही लघवी वाढते. दोन-तीन दिवस वेळ आणि माप लिहून ठेवा. डॉक्टरांना त्या कागदाचा फार उपयोग होतो.

आता गोळ्यांकडे. टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन या गोळ्या नळीभोवतीचे स्नायू सैल करतात. काही दिवसांत फरक जाणवतो, पण ग्रंथी लहान होत नाही. उठल्यावर चक्कर येऊ शकते. रात्री बाथरूमला जाताना आधी कॉटवर मिनिटभर बसा, मग उठा. वीर्य कमी येणं किंवा न येणं हा यांचा परिणाम असू शकतो, त्याने घाबरू नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर ही गोळी चालू आहे किंवा पूर्वी घेतली होती हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा. ऑपरेशनच्या वेळी बाहुली आकसते, त्यांना तयारी ठेवावी लागते.

फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड ग्रंथी आटवतात, पण सहा महिने तरी धीर हवा. पंधरा दिवसांत ‘काही गुण नाही’ म्हणून परत करायला येणारे आम्ही पाहतो. या गोळ्यांनी पीएसए निम्म्यावर येतो, म्हणून रिपोर्ट दाखवताना गोळी चालू असल्याचं सांगायलाच हवं. कामेच्छा कमी होऊ शकते. घरात गरोदर बाई असेल तर फुटलेली गोळी-कॅप्सूल तिने हाताळू नये. काहींना टॅडालाफिल देतात. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याने ती कधीही घेऊ नये, बीपी धोकादायक उतरतं.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. जानेवारीत सोलापुरात गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत थंडी असते, नाकं वाहतात आणि लोक येऊन ‘एक सर्दीची गोळी द्या’ म्हणतात. त्या गोळीत बहुधा क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन असतं. पहिल्याने मूत्राशयाचा जोर कमी होतो, दुसऱ्याने नळीचं तोंड आवळतं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी यातून एका रात्रीत तुंबू शकते. खाजेच्या, झोपेच्या काही गोळ्या आणि नैराश्यावर किंवा नसांच्या दुखण्यावर देतात ती ॲमिट्रिप्टिलिन यांचंही तेच. म्हणून आमच्याकडे असो वा दुसऱ्या दुकानात, ‘मला प्रोस्टेट आहे’ एवढं आधी बोला. पर्याय असतात.

लघवी तुंबली, ओटीपोट फुगून दुखतंय, थेंबही येत नाही, तर गरम पाण्याच्या पिशवीत किंवा घरगुती काढ्यात रात्र घालवू नका. सिव्हिलच्या किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत लगेच जा. नळी घातली की मिनिटांत आराम पडतो. लघवीत रक्त किंवा लघवीच्या त्रासाबरोबर थंडीताप असेल तरी त्याच दिवशी दाखवा.

पाणी बंद करू नका. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीपार जातो. उठावं लागतं म्हणून पाणी तोडलं की लघवी गडद होते, जळजळते, खडा आणि जंतुसंसर्ग वाढतो. दिवसा भरपूर प्या, झोपण्याआधी दोन-तीन तास कमी करा, संध्याकाळनंतर चहा नको. पंढरपूर-अक्कलकोटच्या एसटीत बसण्याआधी लघवी करून घ्या आणि प्रवासात तासन्तास दाबून ठेवू नका. लघवी झाल्यावर दोन मिनिटं थांबून पुन्हा प्रयत्न करा. बसून केलेली बऱ्याच जणांना सोपी जाते. बद्धकोष्ठाने त्रास वाढतो, तेव्हा ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी सोडू नका.

औषधांनी भागलं नाही, लघवी पुन्हा पुन्हा तुंबली किंवा किडनीवर ताण आला, तर दुर्बिणीचं किंवा लेझरचं ऑपरेशन असतं. पोटावर टाका नसतो. त्याचा निर्णय युरोलॉजिस्टबरोबर (लघवीच्या विकारांच्या डॉक्टरांबरोबर) घ्या.

चिठ्ठीशिवाय यातल्या गोळ्या आम्ही देत नाही. शेजाऱ्याची स्ट्रिप दाखवली तरी नाही. पैशांची अडचण असेल तर डॉक्टरांना जेनेरिक लिहून द्यायला सांगा, औषध तेच, किंमत बरीच कमी. पुढच्या वेळी येताना बीपी, साखर, गुडघेदुखी, आयुर्वेदिक चूर्ण असं चालू असलेलं सगळं एका पिशवीत घालून आणा. दुपारी दोन ते चार गर्दी नसते, तेव्हा बसून बघता येईल.